तिघांची साक्ष

१

लारिसा हॅव्हरेलकला माणसं आवडत नसत, आणि ते लपवण्याइतका मानही ती माणसांना देत नसे. ग्रेलिंग सरोवराच्या काठावरच्या पत्र्याच्या खोलीत ती रोज सकाळी शिरायची ती नमस्कार-चमत्कार काही न करता. बुटांवरचा बर्फ दाराबाहेर झाडायचा असतो, तो ती आत येऊन झाडायची. मग बर्निस रबेस्काने केलेल्या कॉफीकडे बघून नाक मुरडायची, तीच कॉफी कपभर ओतून घ्यायची आणि भिंतीवरच्या बोर्डासमोर उभी राहायची.

बोर्डावर हिरवे ठिपके असायचे. एकेक ठिपका म्हणजे सरोवराच्या बर्फात रोवलेला एकेक सेन्सर. तिथला बर्फ किती जाड, किती थंड, हे तो सांगायचा. त्याच्या भरवशावर डिझेलचे टँकर त्या गोठलेल्या पाण्यावरून उत्तरेच्या हिऱ्यांच्या खाणीकडे जायचे. भरलेला टँकर बर्फावर थांबवायचा मात्र नाही, हा इथला पहिला नियम. चालतं वजन बर्फ सोसतो, उभं वजन त्याला सोसत नाही.

सेन्सर बनवले दुसऱ्याच कुणी. त्यांनी कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही, हे लारिसाने ठरवलं होतं. प्रत्येकाच्या पोटात एक गुप्त किल्ली. ती जुळली तरच शेजारचा सेन्सर त्याचा शब्द पुढे नेणार. नवा कुणी आला तर जवळच्या तिघांनी साक्ष द्यायची, हा आपला. एखादा बिघडला, चोरीला गेला, भलतंच बरळायला लागला, तर तिघांनीच म्हणायचं, हा आपला नाही. तसं म्हटलं की त्याची किल्ली रद्द. गावाने वाळीत टाकावं तसा तो वाळीत पडायचा. मग कितीही ओरडो, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

माणसांनाही तिने तोच नियम लावला. बर्फावर जाणाऱ्याच्या छातीला एक यंत्र, यंत्रात त्याची किल्ली. पूर्वी ड्रायव्हर उघड्या रेडिओवर आपण कुठे पोचलो ते पुकारत जायचे, मधेच हॉकीचे गोल, शिव्या, सासूची गाऱ्हाणी. लारिसाने तो बाजार उठवला. काठावरून सूचना जायच्या त्या तेवढ्या उघड्या राहिल्या, कुणालाही ऐकू येतील अशा. बर्फावरून काठाशी बोलायचं तर किल्ली हवी.

"माणसाचा आवाज ओळखू येतो की," फोरमन सिरिल टोबिन तेव्हा म्हणाला होता.

"आवाज पोपटही काढतो," लारिसा म्हणाली. "किल्ली दाखवायची, मग तोंड उघडायचं."

त्या दिवशी सकाळी बोर्डावर एक ठिपका जास्त होता. दहा, अकरा आणि बारा या तीन सेन्सरांच्या मधे. त्याला नंबर नव्हता.

२

"सिरिल, तुझ्या कुठल्या गाढवाने जादा सेन्सर रोवला?"

सिरिल मूळचा न्यूफाउंडलंडचा, पोट सुटलेला, आयुष्यात घाई म्हणून केली नाही असा. तो तळलेल्या बलोनी सॉसेजचं सँडविच खात होता. तोंडातला घास त्याने आधी सावकाश संपवला.

"बाई, माझी गाढवं सांगितलेले रोवत नाहीत. जादा कुठून रोवतील?"

लारिसाने पत्र्याची पेटी उघडून पाहिली. सुटे सेन्सर सगळे जागच्या जागी होते, किल्ली न भरलेले, मुके. तिने बोर्डापाशी येऊन त्या बिननंबरच्या ठिपक्याला रद्द केलं. ठिपका विझला. सिरिलकडे तिने असं पाहिलं की जणू हेही त्याला जमलं नसतं.

कप रिकामा व्हायच्या आत ठिपका परत आला. साक्षीला दहा, अकरा, बारा.

तिने पुन्हा विझवला. तो पुन्हा आला. किल्ली तपासली तर खणखणीत, तिच्याच पद्धतीने बनलेली. तिने न बनवलेली, एवढंच.

"पाहुणा आलाय वाटतं," बर्निस म्हणाली. बर्निस इथलीच, साठीला टेकलेली. सूचना देण्याचं काम तिच्याकडे होतं. दिवसभर खुर्चीत बसून ती मोकासिनवर, मऊ कातडी जोड्यांवर, मणी शिवायची आणि मधून मधून बटण दाबून बोलायची. तिचा मुलगा जोनास टँकर चालवायचा. आज दुपारच्या तांड्यात पहिली गाडी त्याचीच होती.

"तुझे मणी मोज," लारिसा म्हणाली.

मग तिने त्या ठिपक्याचं तापमान पाहिलं. बाकीचे सगळे शून्याच्या कितीतरी खाली होते. हा म्हणत होता, अधिक चार.

बर्फात अधिक काही नसतं. गोठलेल्या सरोवरात अधिक चार एकाच जागी असतं, अगदी तळाच्या पाण्यात. हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण पाण्याखालून रेडिओ बोलत नाही, हेही लारिसाला ठाऊक होतं, म्हणून तिने ठरवलं की हा आकडा खोटा आहे. तिने ते ठरवलं आणि तिला थोडं बरं वाटलं.

३

तिला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती.

सेन्सरांची एकमेकांशी पहिली ओळख करून द्यायची तेव्हा एक मोठी किल्ली काही मिनिटं उघडी ठेवावी लागते. त्या मिनिटांत जे जे एकमेकांना ऐकतात ते कायमचे सगेसोयरे होतात. मग मोठी किल्ली पुसून टाकायची. म्हणून हे काम खोलीत, धातूच्या बंद पेटीत करायचं, असं लारिसाने स्वतःच लिहून दिलं होतं, जाड अक्षरांत, या मठ्ठ लोकांसाठी.

पण डिसेंबरात सिरिलच्या माणसांनी सेन्सर आधी बर्फावर नेऊन ठेवले. परत आणायचे म्हणजे अर्धा दिवस गेला असता. लारिसाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मोठी किल्ली तिथेच उघडली, सरोवराच्या मधोमध. इथे ऐकायला कोण बसलंय, कोल्हे? चहूबाजूंना पांढरं मैदान होतं आणि पायाखाली काळं पाणी. ती मिनिटं तिने हात चोळत काढली होती.

आता रस्ता बंद करायचा तर कंपनी विचारणार, का? मग तपासणी, मग ती डिसेंबरातली दुपार, मग सिरिलचं ते हसू. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं हे लोक तिच्या माघारी म्हणतात हे तिला माहीत होतं. निदान तोंडावर म्हणायची संधी ती त्यांना देणार नव्हती.

ती असा विचार करत होती तेव्हाच अकरा नंबर वाळीत पडला.

तिघा शेजाऱ्यांनी म्हटलं, हा आपला नाही. ठिपका लाल झाला. कोल्ह्याने तार चावली असेल, लारिसाने मनात म्हटलं. थोड्या वेळाने अकरा नंबर पुन्हा हिरवा झाला, त्याच्याच किल्लीने, तिघांच्या साक्षीने. जाडी भरपूर सांगत होता, मीटरभराहून जास्त. तापमान अधिक चार.

मग बारा. मग दहा. मग काठाच्या दिशेने एकेक, विझायचा आणि परत यायचा. दुपारी बारा वाजेपर्यंत काठापासून बारा नंबरपर्यंतची सगळी रांग हिरवीगार झाली. सगळे एकच जाडी सांगत होते आणि एकच तापमान.

"वा," सिरिल बोर्डाकडे बघत म्हणाला, "आज काही तक्रारच नाही. अशीच माणसं मिळायला हवी होती मला."

"मूर्खा, बर्फ कधी एकसारखा असतो का?"

"बोर्ड तुझा, बाई. बोर्डावर विश्वास ठेवा, स्वतःच्या डोळ्यांवर नको, असं तूच आम्हाला सांगितलंस. आता बोर्ड म्हणतोय रस्ता झकास. तू म्हणतेस नाही. दोघांनी मिळून काय ते एक ठरवा."

काठाच्या वळणावर आठ टँकर इंजिनं चालू ठेवून उभे होते. दोनला निघायचे होते. लारिसाने कोट चढवला.

"मला अकरापाशी सोड."

४

सिरिलने तिला गाडीतून अकरा नंबरपाशी नेलं. सूर्य क्षितिजावर रेंगाळत होता, आजारी माणसासारखा पिवळा.

"थांबू का?"

"कशाला, गाणी म्हणायला? जा. काम झालं की बोलावीन."

"आणि नाही बोलावलंस तर?"

"तर समज की तुझं तोंड बघायची इच्छा नाही."

सिरिल गेला. गाडीचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला, मग तोही गेला. काठावरचे दिवे इथून दिसत होते, पण चालत तास गेला असता. इथे वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उडवून नेला होता. पायाखाली नुसता काळा, काचेसारखा स्वच्छ बर्फ. तो मधूनच कण्हायचा. बर्फ कण्हतोच, त्यात विशेष काही नाही.

अकरा नंबर जागेवर उभा होता. तार शाबूत. कोल्हा नाही, कुणी नाही. त्याचा दिवा मात्र लाल होता. लारिसाने आपल्या यंत्रावर पाहिलं. तिथे अकरा हिरवा.

तिने वायर जोडून त्याच्याकडून सरळ आकडा घेतला. तापमान उणे अठरा. जाडी जेमतेम अर्धा मीटर, आणि खालून उतरत चाललेली. सकाळपासून हा सेन्सर हेच सांगत होता. शेजाऱ्यांशी त्याचं पटलं नाही, म्हणून शेजाऱ्यांनी त्याला खोटा ठरवला. त्याच्या जागी दुसरंच कुणीतरी अकरा नंबर होऊन बसलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली.

तिने बर्फ पोखरायचं यंत्र लावलं. पातं अर्धंच आत गेलं आणि पाणी वर आलं. इतक्या लवकर पाणी! तिने यंत्र थांबवलं.

पोखरण्याचा आवाज थांबला नाही. क्षणभर तो चालूच राहिला. खालून.

प्रतिध्वनी, लारिसा स्वतःशी म्हणाली. पाण्यात आवाज दूर जातो आणि परत येतो. तिने हे मोठ्याने म्हटलं, कारण मूर्खांना समजावताना ती मोठ्यानेच बोलत असे.

मग अभिमान वगैरे सगळं तिने गिळलं. आठ गाड्या, आठ माणसं, पुढे जोनास. तिने बटण दाबलं.

"बर्निस, रस्ता बंद. अकरापाशी बर्फ अर्धाच आहे. बोर्ड खोटा आहे. एकही गाडी सोडू नका. ऐकलंस?"

उत्तर आलं नाही. तिच्या छातीवरचा दिवा लाल झाला होता.

५

यंत्राच्या पडद्यावर ओळ होती. दहा, अकरा, बारा म्हणतात, हा आपला नाही.

लारिसा हसली. "मी?" ती बर्फाला म्हणाली. "दीडदमडीचे डबे तुम्ही. तुमच्या किल्ल्या मी बनवल्या." तिने बटण पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, दातओठ खाऊन दाबलं. मग तिला समजलं की यात काहीच बिघडलेलं नाही. जसं तिने ठरवून दिलं होतं तसंच सगळं चाललं होतं.

मग तिच्या देखत पडद्यावर तिचं नाव पुन्हा हिरवं झालं. छातीवरचा दिवा लालच होता.

आणि काठावरून बर्निसचा आवाज आला. उघडा, सगळ्यांसाठी.

"हां, लारिसा, बोल पोरी. ऐकतेय."

लारिसा ओरडली. बर्निस थांबली होती, पण तिच्यासाठी नाही. ती दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होती.

"हो का? बरं झालं. मला वाटलंच होतं की बर्फ चांगला असेल." पुन्हा शांतता. "अगं, त्यात माफी कसली मागायची! कामाच्या गडबडीत माणूस बोलतं काहीतरी. मी नाही मनावर घेतलं." मग बर्निस हसली, मनापासून. "मणी? पन्नास झाले, मोजले मी. ये तू, दाखवते. तुला आवडतील माहीत नव्हतं मला."

मागून सिरिलचा आवाज आला, "कोण आहे? लारिसा? एवढं गोड?"

"बघ ना. मला बर्निसबाई म्हणाली."

"मग गाडी घेऊन जातो आणायला."

"नको म्हणतेय. तुला त्रास कशाला. चालत येते म्हणाली."

इतक्या वर्षांत तिने या दोघांना एक धड शब्द दिला नव्हता, आणि आता दोन गोड शब्दांवर ते विकले गेले होते. काय ही माणसं! किती स्वस्त! तिला त्यांची किळस आली.

तिने खाली पाहिलं.

काळ्या बर्फाखाली, पाण्यात, हिरवा ठिपका लुकलुकत होता. छातीवर यंत्र बांधावं तेवढ्याच उंचीवर, फक्त उलटा. तो हलत नव्हता. सावकाश डोळे सरावले. मग ठिपक्याच्या वर तिला बुटांचे तळवे दिसले. ते बर्फाला खालून चिकटलेले होते, तिच्या तळव्यांना तळवे लावून.

तिने उजवा पाय उचलला. खालचा पाय उचलला गेला नाही.

६

ती पळत सुटली, काठाकडे. काळ्या बर्फावर पाय घसरत होते. ती पडली, उठली, पुन्हा पडली. खाली पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी पाहिलं. खाली आता काहीच नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

पळता पळता तिने बटण दाबून धरलं होतं. "बर्निस! बर्निसबाई! ऐका हो! जोनासला थांबवा! पाया पडते तुमच्या!" हे शब्द तिने आयुष्यात कुणाला उद्देशून वापरले नव्हते. ते तिच्या तोंडात बसेनात. ती रडत होती आणि अश्रू गालावर गोठत होते.

बर्निसने बटण दाबलेलंच ठेवलं असावं, कारण खोलीतला सगळा आवाज आता बर्फावर ऐकू येत होता. स्टोव्हचा, खुर्चीच्या करकरीचा. मग दार उघडल्याचा.

"इतक्यात पोचलीस?" बर्निस म्हणाली. "ये, ये. दार लाव पोरी, थंडी येते. अगंबाई! अशी निथळतेस काय? सिरिल, टॉवेल दे तिला."

"बस, बस. कॉफी घे," सिरिल म्हणाला. "आज मी देतो."

कप ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी हळू काहीतरी बोललं. तो आवाज लारिसाला ओळखू आला नाही. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे तिला माहीत नव्हतं.

"जोनास," बर्निसने पुकारलं, सूचना द्यायच्या त्या ठाशीव स्वरात, आणि त्यात आईची माया होती. "सोड गाडी. रस्ता उत्तम आहे. लारिसा इथे माझ्या शेजारीच बसलीय."

काठाच्या वळणावरून दिवे उतरू लागले. एक जोडी, मग दुसरी, मग तिसरी. लारिसाच्या पायाखालचा बर्फ गुणगुणायला लागला. गाड्यांच्या आवाजाआधी त्यांचं वजन तिच्यापर्यंत पोचलं होतं. काठापासून इथपर्यंतचा एकही खरा आकडा तिच्याकडे नव्हता. कुठे अर्धा मीटर, कुठे त्याहून कमी, कुणास ठाऊक.

ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. आता जोनासला ती दिसणार होती. तो चांगला पोरगा होता. रस्त्यात उभं माणूस दिसलं तर तो नक्की थांबला असता, आणि त्याच्यामागे बाकीचे सात, एकाला एक चिकटून, भरलेले, उभे. चालतं वजन या बर्फाने कदाचित सोसलं असतं, उभं नाही.

लारिसाने हात वर करायला घेतला. अर्ध्यावर तो थांबला. वर न्यावा की खाली घ्यावा हे तिला कळेना, आणि विचारायला कुणी नव्हतं.